धावपळीच्या दिवसात नित्यनेम कसा बसवावा

प्रार्थनेला वेळ मिळत नाही अशी तक्रार केली की ऐकणाऱ्याकडून सहसा दोनच सल्ले मिळतात: पहाटे तासभर लवकर उठावे, आणि इच्छा असली म्हणजे वेळ सापडतोच. हे सल्ले देणारा माणूस बहुधा निवृत्त झालेला असतो, किंवा त्याच्या घरचा सकाळचा डबा दुसरे कोणी तरी भरत असते. बदलापूरहून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या आणि रात्री आठला घरात पाऊल टाकणाऱ्या बाईला आणखी तासभर लवकर उठायला सांगणे म्हणजे तिच्या सहा तासांच्या झोपेचे पाच तास करणे होय, आणि पाच तास झोपलेल्या माणसाच्या हातून माळ गळून पडते हे मी अनुभवाने सांगू शकते. गेली सोळा वर्षे मी हा प्रवास करते आहे. या काळात नेम धरला, मोडला, पुन्हा धरला, आणि त्यातून जे टिकले तेवढेच येथे लिहीत आहे. उदाहरणे वारकरी आणि समर्थ संप्रदायांच्या घरांत चालणाऱ्या उपासनेची आहेत, कारण मला तीच जवळून माहीत आहे. ज्यांची उपासना वेगळी आहे त्यांना शब्द बदलून बाकीची रीत तशीच वापरता येईल.

आधी माप ठरवावे

नेम मोडण्याचे सर्वांत मोठे कारण वेळेचा अभाव हे नसून चुकीच्या दिवशी घेतलेला संकल्प हे असते. आपण नेम धरतो तो गुढीपाडव्याला, श्रावणाच्या पहिल्या सोमवारी किंवा एखाद्या तीर्थक्षेत्राहून परतल्यावर, म्हणजे मन भरलेले असते, सुट्टी असते आणि घरात पाहुण्यांची वर्दळ नसते अशा वेळी. त्या दिवशी पाऊण तासाची उपासना अगदी सहज वाटते. मग सोमवार येतो, पाण्याचा टँकर उशिरा येतो, मुलाच्या शाळेत सभा असते, आणि पाऊण तासाचा नेम पहिल्याच आठवड्यात लंगडू लागतो. म्हणून माप ठरवताना महिन्यातला सर्वांत वाईट दिवस डोळ्यांसमोर आणावा: मार्चअखेरचा, घरात कोणाला ताप असलेला, पावसाने गाड्या रखडलेल्या संध्याकाळचा. त्या दिवशीही जे होऊ शकेल तेवढाच नेम बोलून दाखवावा. चांगल्या दिवशी अधिक झाले तर ते वरचे समजावे आणि त्याचा हिशेब ठेवू नये.

यासाठी कोणत्या उपासनेला किती वेळ लागतो हे प्रत्यक्ष मोजून पाहणे फार उपयोगी पडते, कारण आपला अंदाज बहुतेक वेळा चुकलेला असतो. ‘राम कृष्ण हरी’ हा तुकोबांना त्यांचे गुरू बाबाजी चैतन्य यांनी दिलेला मंत्र सहा अक्षरांचा आहे. शांतपणे म्हटला तर एका जपाला सुमारे दोन सेकंद लागतात, म्हणजे १०८ मण्यांची माळ साडेतीन ते चार मिनिटांत पूर्ण होते. गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी ज्याचा आयुष्यभर प्रसार केला तो ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा मंत्र तेरा अक्षरांचा आहे, आणि त्याची माळ साडेपाच-सहा मिनिटे घेते. रामरक्षेचे ३८ श्लोक पाठ असतील तर सात-आठ मिनिटे पुरतात. ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाचे २७ अभंग नुसते वाचले तर पाव तासाच्या आसपास आणि टाळाच्या ठेक्यावर चालीत म्हटले तर अर्धा तास लागतो. ही माझ्या घड्याळातली मापे आहेत. आपापल्या गतीने ती थोडी पुढेमागे होतील, परंतु एकदा मोजून पाहिल्यावर ‘वेळच नाही’ हे वाक्य उच्चारताना जीभ जराशी अडखळते.

ग्रंथवाचनाचेही असेच गणित मांडता येते. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९,००० आहेत, म्हणजे रोज २५ वाचल्या तर वर्षभरात एक पारायण होते. दासबोधाचे २० दशक आणि प्रत्येकात १० समास असल्याने रोज एक समास घेणाऱ्याचा ग्रंथ २०० दिवसांत पुरा होतो, आणि मनाचे श्लोक २०५ असल्याने रोज पाच म्हटले की ४१ दिवसांत एक आवर्तन होते. मात्र हे आकडे पाहून तिन्ही एकदम सुरू करू नयेत. एकच निवडावे.

हरिपाठाच्या पहिल्याच अभंगात देवाच्या दारी क्षणभर उभे राहण्याचा उल्लेख आहे, आणि त्या ‘क्षणभरा’चा आधार घेऊन जाता जाता देवळाच्या कळसाला हात जोडणे पुरेसे आहे असे मानणारे पुष्कळ लोक भेटतात. त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की तो क्षण सांगणाऱ्या ओळीच्या पुढे सव्वीस अभंग आहेत आणि वारकरी ते सगळे रोज म्हणतो.

घड्याळाऐवजी कामाला बांधावे

नेमाची वेळ ‘रोज सकाळी साडेसहा’ अशी ठरवली की ती पहिल्याच आठवड्यात चुकते, कारण साडेसहाला दूधवाला येतो, फोन वाजतो, पाणी जाण्याच्या आत भांडी भरायची असतात. आपल्या आजीच्या पिढीने हा प्रश्न फार शहाणपणाने सोडवला होता. त्यांच्या छोट्या प्रार्थना घड्याळाच्या काट्याला बांधलेल्या नव्हत्या, तर जे काम केल्याशिवाय दिवस पुढे सरकतच नाही अशा कामांना बांधलेल्या होत्या. डोळे उघडताच तळहात पाहून ‘कराग्रे वसते लक्ष्मी’, जमिनीला पाय लावण्यापूर्वी ‘समुद्रवसने देवि’, अंगावर पहिला तांब्या घेताना ‘गंगे च यमुने चैव’, पानावर बसल्यावर ‘वदनी कवळ घेता’, दिवेलागणीला ‘शुभंकरोति’ आणि अंथरुणावर पाठ टेकताना ‘रामस्कंदं हनूमंतं’. यांपैकी एकाही गोष्टीला वेगळी वेळ काढावी लागत नाही. जागे होणे, आंघोळ, जेवण आणि झोप ही कामे कितीही धावपळीच्या माणसाला चुकत नाहीत, आणि त्यांना बांधलेला श्लोकही म्हणूनच चुकत नाही. या सगळ्या श्लोकांची बेरीज केली तरी दिवसाकाठी तीन-चार मिनिटांच्या वर जात नाही.

आजच्या दिवसात असे सांधे कोणते आहेत ते प्रत्येकाने आपल्या घरात शोधावे. त्यासाठी एक आठवडाभर काहीही नवे सुरू न करता फक्त पाहावे: आपण कोठे थांबतो, कशाची वाट पाहतो, कोणत्या क्षणी हात रिकामे असतात किंवा हात गुंतलेले असले तरी तोंड आणि मन मोकळे असते. माझ्या दिवसात असे चार सांधे सापडले. सकाळी कुकर गॅसवर चढवल्यापासून तिसऱ्या शिट्टीपर्यंतची दहा-बारा मिनिटे, चपात्या लाटतानाचा वेळ, स्थानकापर्यंतचे चालणे आणि गाडीतला प्रवास. पूर्वी कुकरच्या वेळात मी फोन पाहत असे. आता त्याच वेळात रामरक्षा होते, आणि शिट्ट्या मोजायचे काम रामरक्षेने आपल्याकडे घेतले आहे, कारण शेवटच्या श्लोकांपर्यंत येते तेव्हा गॅस बंद करायची वेळ जवळ आलेली असते. दुसऱ्या कोणाचा सांधा वेगळा असेल. दुकानदाराला दुकानाचे शटर उघडून गल्ल्याला हात लावण्याआधीचा वेळ असतो, शेतकऱ्याला मोटर सुरू करून पाणी सरीच्या टोकापर्यंत पोहोचेपर्यंतचा, आणि लहान मुलाच्या आईला त्याला झोपवतानाचा. अंगाईऐवजी अभंग म्हटला तर मुलाची काही तक्रार नसते.

रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, सुरक्षारक्षक किंवा परदेशी कंपन्यांच्या वेळेप्रमाणे काम करणारे तरुण यांना ‘ब्राह्ममुहूर्त’ हा शब्द ऐकला की अपराधी वाटते. त्यांनी ते वाटून घेऊ नये. ज्या वेळी आपण झोपून उठतो ती आपली सकाळ मानावी आणि उठण्याला बांधलेला नेम दुपारी दोनला उठल्यावरही तसाच करावा. पाळी बदलली की घड्याळ बदलते, परंतु उठणे, आंघोळ आणि पहिला घास यांचा क्रम बदलत नाही.

काम करता करता नाम घेण्याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. नामदेवांच्या घरी राबणारी जनाबाई दळिता-कांडिता अनंताला गात होती आणि अरणचे सावता माळी आपल्या मळ्यातल्या कांद्या-मुळ्यात विठाई पाहत होते. मात्र या संतांचा दाखला देऊन ‘काम हीच आमची पूजा’ असे म्हणण्याची जी पद्धत पडली आहे ती मला पटत नाही. जनाबाईने दळण दळले आणि नामही घेतले; दळण आहे म्हणून तिने नाम सोडले नाही. ‘काम हीच पूजा’ म्हणणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत यातले पहिले उरते आणि दुसरे गळते.

आणि एक सावधगिरी. गोरोबाकाका चिखल तुडवताना भजनात इतके दंग झाले की रांगत आलेले स्वतःचे मूल पायाखाली आल्याचे त्यांना कळले नाही, अशी कथा परंपरेने जपून ठेवली आहे. पुढे देवाने मूल परत दिले, हे खरे. पण स्कूटर चालवताना हातात माळ धरणाऱ्याने कथेचा पहिला भाग लक्षात ठेवावा. वाहन चालवताना, सुरी-विळी हातात असताना, रूळ किंवा रस्ता ओलांडताना जप करू नये.

पाठांतर

धावपळीत टिकणाऱ्या उपासनेचे खरे भांडवल पाठांतर आहे. जे पाठ आहे त्याला पोथी लागत नाही, चष्मा लागत नाही, दिवा लागत नाही आणि बसायला जागाही लागत नाही. गाडीत दाराजवळ एका पायावर उभे राहिलेल्या माणसाला पुस्तक उघडता येत नाही, परंतु रामरक्षा म्हणता येते. म्हणून पहिले सहा महिने वेळ वाढवण्याच्या मागे न लागता पाठांतराला द्यावेत.

त्याची गती मुद्दाम संथ ठेवावी. रामरक्षेचे आठवड्याला दोन श्लोक घेतले तर १९ आठवड्यांत, म्हणजे साधारण साडेचार महिन्यांत, ती पूर्ण होते; हरिपाठाचा आठवड्याला एक अभंग घेतला तर २७ आठवडे लागतात. नवा श्लोक रविवारी घ्यावा, तो हाताने कागदावर लिहावा, आणि तो कागद ओट्याच्या वरच्या टाइलवर किंवा आरशाच्या कडेला आठवडाभर चिकटवून ठेवावा. दात घासताना, भाजी निवडताना नजर त्याच्यावर पडत राहते आणि बुधवार-गुरुवारपर्यंत श्लोक आपोआप जिभेवर बसतो. पुढच्या रविवारी कागद बदलावा, पण जुना फेकू नये. सगळे कागद एका पाकिटात ठेवले की विसरलेली ओळ शोधायला तेच बरे पडतात. रामरक्षा बहुतांशी अनुष्टुभात असल्याने, म्हणजे आठ-आठ अक्षरांच्या चार चरणांत असल्याने, ती लवकर बसते. हरिपाठाला चाल असल्यामुळे तो गाऊन पाठ करावा. मनाच्या श्लोकांची भुजंगप्रयाताची चाल तर इतकी पक्की आहे की लहानपणी शाळेत म्हटलेले श्लोक चाळिशीतही अर्धे-अधिक आठवतात.

पाठांतराचा एक तोटाही आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पूर्ण पाठ झालेली गोष्ट तोंड एकटेच म्हणू लागते आणि मन बाजाराची यादी करत बसते. याला दोन उपाय मला लागू पडले. एक म्हणजे आपल्या कानांना ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणणे; नुसत्या मनात म्हटलेल्या ओळी मन सहज गिळून टाकते. दुसरा म्हणजे आठवड्यातून एकदा एकाच अभंगाचा अर्थ नीट वाचणे आणि पुढचे सहा दिवस तो अभंग आला की किंचित थांबणे. संपूर्ण हरिपाठात लक्ष राहील अशी अपेक्षा ठेवली तर निराशा ठरलेली; एका अभंगापुरते लक्ष राहते.

गाडीतला नेम

मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून भजन करत जाणारी मंडळे अनेक वर्षांपासून आहेत. टाळ, चिपळ्या, कोठे ढोलकी, आणि डब्याच्या भिंतीवर हाताने धरलेला ठेका. दसऱ्याला हीच मंडळी आपला डबा फुलांनी सजवून त्याची पूजा करतात. घरच्या देवघरात ज्यांचा नेम चार दिवस टिकत नाही अशी माणसे या मंडळांत वीस-वीस वर्षे टिकतात, आणि त्याचे कारण शोधण्यासारखे आहे. गाडीची वेळ आपल्या हातात नसते. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेले सोबती, आणि उशीर झाला तर भजन सुरू होऊन जाते. जे शिस्त म्हणून स्वतःला जमत नाही ते रेल्वेचे वेळापत्रक आणि शेजारी बसणारा माणूस मिळून करवून घेतात. म्हणून ज्याला एकट्याने नेम जमत नाही त्याने सोबती शोधावा. मंडळच हवे असे नाही. त्याच गाडीला येणारी एक मैत्रीण, जिने ‘आज कितवा अभंग?’ एवढेच विचारावे, ती पुरते.

तरीही गाडी ही सर्वांची असते हे विसरू नये. रात्रपाळी करून डोळे मिटून बसलेला प्रवासी, आजारी माणूस, परीक्षेला निघालेली मुलगी, किंवा ज्याला आपल्या भजनाशी काही देणेघेणे नाही असा कोणीही, यांना टाळांचा गजर ऐकण्याची सक्ती करणे मला प्रार्थनेच्या जवळचे वाटत नाही. भजनासाठी जागा अडवून ठेवणे तर उघड अन्याय आहे. आमच्या डब्यात आम्ही चौघी हळू आवाजात हरिपाठ म्हणतो आणि कोणी त्रासिक चेहरा केला तर ओठांतल्या ओठांत म्हणतो.

एकट्याने प्रवास करणाऱ्याने हरिपाठाची खिशात मावणारी छापील प्रत जवळ ठेवावी. ती फोनवरही मिळते हे खरे, परंतु फोन उघडून हरिपाठापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर कार्यालयाचा निरोप, नातेवाइकांचा गट आणि भाजीची सवलत अशी तीन नाकी असतात आणि मी बहुतेक वेळा पहिल्याच नाक्यावर अडकते. कानात यंत्र घालून ध्वनिमुद्रित हरिपाठ ऐकणे हे श्रवण आहे, आणि नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे, म्हणून त्याला कमी लेखू नये. थकलेल्या संध्याकाळी मीही तेच करते. मात्र सकाळी सकाळी देवाचे चित्र पन्नास जणांना पुढे पाठवणे हे नऊपैकी कोणत्या भक्तीत बसते ते मला अजून सापडलेले नाही.

देवघर

घरची देवपूजा हे धावपळीच्या घरातले सर्वांत मोठे ओझे होऊन बसते, कारण ती एकाच ठरावीक मापाने करायची असते अशी आपली समजूत असते. वास्तविक परंपरेनेच पूजेची मापे लहान-मोठी ठेवलेली आहेत. षोडशोपचारांत सोळा उपचार येतात, पंचोपचारांत गंध, फूल, धूप, दीप आणि नैवेद्य हे पाचच, आणि जेथे काहीच साहित्य नाही तेथे मानसपूजा सांगितली आहे. कामाच्या दिवशी पंचोपचार आणि रविवारी किंवा सणाला षोडशोपचार असा क्रम ठेवला तर त्यात परंपरेला सोडल्यासारखे काही होत नाही. नैवेद्याला खडीसाखर किंवा वाटीभर दूध चालते.

पाच उपचारांनाही वेळ लागतो तो बहुतेक शोधाशोधीत: काडेपेटी ओली, वात वळायची राहिली, तेल संपले, कालचे निर्माल्य तसेच. ही तयारी रात्री भांडी आवरताना करावी. निर्माल्य काढून ठेवावे, निरांजनात वात घालून ठेवावी, ताम्हन आणि पळी-पंचपात्र घासून पालथे घालावे, फुले फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावीत. आठवड्याच्या वाती रविवारी दूरदर्शन पाहत वळून होतात. एवढे केले की सकाळची पूजा दहा मिनिटांत शांतपणे होते. देवघरातील गर्दीही कमी करावी. प्रत्येक यात्रेहून आलेली तसबीर, प्रत्येक लग्नात मिळालेली चांदीची मूर्ती आणि दिनदर्शिकेवरून कापलेले चित्र यांना रोज गंध लावायचे ठरवले तर पूजेची हजेरी होते. कुळाचार म्हणून जे देव आहेत ते ठेवावेत आणि बाकीचे आदराने कपाटात ठेवून सणाला बाहेर काढावेत.

वेळ कोणाचा

येथे एक अप्रिय गोष्ट लिहिणे भाग आहे. पुष्कळ घरांत एका माणसाची तासभराची निवांत पूजा चालते ती दुसऱ्या माणसाने त्या तासात डबे, मुले, पाणी आणि फोन सांभाळल्यामुळे. फुले आणून देणारी, सहाणेवर गंध उगाळून ठेवणारी, नैवेद्य करणारी आणि शेवटी ताम्हन घासणारी व्यक्ती एकच असते, आणि प्रार्थनेला वेळ मिळत नाही अशी तक्रारही तिचीच असते. त्या घरात वेळेचा प्रश्न नसून वाटणीचा आहे, आणि तो कोणत्याही युक्तीने सुटत नाही. त्यासाठी घरात बोलावे लागते. सर्वांत सोपी सुरुवात म्हणजे वार वाटून घेणे: सोमवार ते बुधवार पूजा एकाने करावी आणि स्वयंपाकघर दुसऱ्याने पाहावे, गुरुवारपासून उलट. ज्यांना नवऱ्याला किंवा मोठ्या मुलाला ओट्यापाशी उभे करणे अवघड वाटते त्यांनी निदान वीस मिनिटे मागून घ्यावीत आणि त्या वीस मिनिटांत कोणी हाक मारली तरी उत्तर देऊ नये. पहिल्या आठवड्यात हाका येतात. नंतर कमी होतात.

सोवळ्याओवळ्याच्या नियमांमुळेही बायकांचा नेम महिन्यातून चार दिवस तुटतो. देव्हाऱ्याच्या बाबतीत ज्याने त्याने आपल्या घराची रीत पाहावी. नामाला मात्र सोवळे नाही, हे वारकरी परंपरेने वारंवार सांगितले आहे. माझा हरिपाठ त्या दिवसांत थांबत नाही.

नेम चुकला तर

चुकणारच. त्याची तयारी आधी करून ठेवावी. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर नेमाची तीन मापे लिहिलेली आहेत. नेहमीचा दिवस असेल तर हरिपाठ आणि रामरक्षा. ओढाताणीचा दिवस असेल तर रामरक्षा आणि हरिपाठाचा एक अभंग. आणि इस्पितळात, प्रवासात, किंवा स्वतः तापाने पडलेली असेन तर झोपण्यापूर्वी अकरा वेळा नाम. तिसरे माप हास्यास्पद वाटेल इतके लहान आहे, आणि ते तसे मुद्दाम ठेवले आहे. आईच्या आजारपणात इस्पितळाच्या बाकावर काढलेल्या नऊ रात्री माझा नेम त्या अकरा नामांवर तरला, आणि घरी परतल्यावर मोडलेला नेम पुन्हा जोडण्याची वेळ आली नाही.

पूर्ण दिवस कोरडा गेला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करण्याच्या फंदात पडू नये. दोन दिवस चुकले की तिप्पट, आठवडा चुकला की आठपट, आणि मग कर्ज इतके वाढते की माणूस देवघराकडे पाहणेच टाळतो. ज्या धर्मात राहिलेली प्रार्थना भरून काढण्याचा नियम आहे, जसे इस्लाममध्ये चुकलेल्या नमाजाची कजा असते, तेथील अनुयायाने आपल्या नियमाप्रमाणे चालावे. आपल्या स्वेच्छेने धरलेल्या नेमाला असे बंधन नाही, आणि आपणच ते लादून घेऊ नये. तसेच, संकल्प मोडला म्हणून काही अनिष्ट होईल अशी भीती घालणारे भेटले तर त्यांचे ऐकून घ्यावे आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे दिवा लावावा.

नेम सलग तीन महिने टिकला तरच त्यात भर घालावी, आणि तीही एका वेळी एकाच गोष्टीची.

महिन्याचे आणि वर्षाचे

रोजच्या पंधरा मिनिटांत जे होत नाही त्यासाठी पंचांगाने एकादशीची सोय केलेली आहे. महिन्यातून दोनदा येणाऱ्या या दिवशी एका वेळचा स्वयंपाक कमी होतो आणि तो वाचलेला तास उपासनेला मिळतो, हा तिचा व्यावहारिक लाभ आहे. पण साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी आणि रताळ्याच्या चकत्या असा बेत केला की ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण खरी होते आणि ओट्यापाशी नेहमीपेक्षा अधिक वेळ जातो. फळे आणि दूध यांवर भागवावे.

वर्षातून एकदा तरी लांबचा वेळ काढावा. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे २५० किलोमीटरची वाट पूर्ण चालायला जवळजवळ तीन आठवडे लागतात आणि एवढी रजा नोकरदाराला मिळत नाही. परंतु आळंदी ते पुणे हा एका दिवसाचा टप्पा चालणारे नोकरदार दरवर्षी मोठ्या संख्येने असतात. पालखीचे वेळापत्रक बरेच आधी जाहीर होते, म्हणून रजेचा अर्ज तेव्हाच द्यावा.

निवृत्तीपर्यंत थांबू नये

‘आता जमत नाही, निवृत्त झाल्यावर करू’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक अनुभव नोंदवते. आमच्या गाडीला नेहमी दिसणारे एक ज्येष्ठ सहप्रवासी तीसेक वर्षे बदलापूर ते दादर या प्रवासात हरिपाठ म्हणत असत. निवृत्त झाले तेव्हा त्यांना वाटले की आता दोन वेळा होईल. प्रत्यक्षात दोन महिन्यांत एकही वेळ होईना. सकाळचे ‘नंतर बसू’ दुपारवर गेले, दुपारचे संध्याकाळवर, आणि संध्याकाळी नातू शाळेतून आलेला असे. त्यांचा नेम ज्या गाडीला बांधलेला होता ती गाडीच गेली होती. म्हणून निवृत्तीला वर्षभर उरले असतानाच नेम दुसऱ्या सांध्याला बांधायला सुरुवात करावी. सुट्टीच्या दिवशी तो घरी कोठे, कशानंतर बसतो ते आधी पाहून ठेवावे. त्यांनी शेवटी काय केले ते मला एकदा बाजारात भेटले तेव्हा सांगितले. सकाळी जुन्या वेळेला ते कपडे करून, चप्पल घालून घराबाहेर पडतात, इमारतीच्या आवारातल्या बाकावर बसतात आणि खिशातली प्रत उघडतात. गाडी दादरला पोहोचायची वेळ झाली की ती मिटून वर चहाला जातात.